नदी निवडण्याआधी तिचे पाणी कोठून येते ते पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पती, पत्नी आणि सोळा वर्षांची मुलगी असे तिघे एप्रिलच्या उत्तरार्धात दहा दिवसांची सुटी काढून उष्ण कटिबंधातील एखाद्या नदीवर राफ्टिंगला जाऊ इच्छितात. पती आणि मुलगी चांगले पोहतात. पत्नीला पोहता येत नाही. कोस्टा रिकातील पाक्वारे, झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरील झांबेझी, युगांडातील नाईल आणि बालीतील आयुंग अशा चार नद्या त्यांनी हेरून ठेवल्या आहेत. यांतील सर्वांत चांगली नदी कोणती आणि सर्वांत सुरक्षित कोणती, असे त्यांनी विचारले आहे.

अशा नद्यांवर गाइड म्हणून आणि पुढे सहलीचा प्रमुख म्हणून माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न मला याच शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे सरळ उत्तर देता येत नाही, कारण ज्या नदीचे आपण नाव घेतो ती वर्षभर एकच नदी नसते. पाणी चढले की तिचे खडक बुडतात, लाटा मोठ्या होतात, विसाव्याच्या जागा नाहीशा होतात. पाणी उतरले की तेच खडक वर येऊन वाट अडवतात. छायाचित्रात दिसणारी नदी ही एका दिवसाची, एका पातळीची नदी असते. म्हणून नाव, लौकिक आणि छायाचित्रे बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट विचारावी: या नदीचे पाणी येते कोठून? पावसातून थेट, सरोवरातून, पूरमैदानावरून की धरणाच्या दरवाजातून? हंगाम, धोका, आजार आणि नवख्या माणसाने जावे की नाही, या बहुतेक गोष्टी या एका उत्तरावरून ठरतात.

झांबेझीपासून सुरुवात करतो, कारण ती आपल्या यादीतून लगेच वगळता येते. या नदीवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याचे पाणी सुमारे १०८ मीटर खाली कोसळते आणि बेसॉल्टच्या उभ्या कड्यांमधून, बटोका घळीतून नागमोडी वाहत जाते. १९८१ मध्ये या घळीतून पहिल्यांदा राफ्ट नेण्यात आल्या आणि आज तेथील रॅपिड, म्हणजे खडकांतून खळाळत जाणाऱ्या वेगवान पाण्याचे टप्पे, १ ते २५ अशा क्रमांकांनी ओळखले जातात. वरच्या पाणलोट क्षेत्रातला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो. मात्र ते पाणी पश्चिम झांबियातील बारोत्से या विस्तीर्ण पूरमैदानावर पसरते, आठवडेच्या आठवडे तेथे रेंगाळते आणि मग सावकाश पुढे सरकते. त्यामुळे पाऊस सरून आकाश निरभ्र झाल्यावर, म्हणजे एप्रिलच्या सुमारास, धबधब्यावरचा पूर शिगेला पोहोचतो. त्या वेळी सेकंदाला ३,००० घनमीटरच्या आसपास पाणी वाहू शकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच काही शे घनमीटरवर येते. कमी पाण्यात या नदीवर प्रत्येक मोठ्या रॅपिडनंतर एक शांत डोह असतो. राफ्ट उलटली, आणि झांबेझीवर ती उलटतेच, तरी माणसे त्या डोहात गोळा करता येतात. भरल्या नदीत हे डोह नाहीसे होतात, कड्यांलगत प्रचंड भोवरे फिरू लागतात आणि सुरुवातीचे रॅपिड वगळून खालून सहल सुरू करावी लागते. पूर अगदी शिगेला असतो तेव्हा सहली बंदच ठेवतात. ऑगस्ट ते डिसेंबर हा तेथील खरा हंगाम. आपल्या तारखांना तेथे गेल्यास धबधब्याचे तुषार भरपूर अंगावर येतील, राफ्टिंग मात्र बहुधा होणार नाही. हंगाम जुळला असता तरी पोहता न येणाऱ्या व्यक्तीला मी तेथे नेले नसते, आणि दिवसाच्या शेवटी त्या घळीतून वर चढून येणे हे स्वतंत्र कष्टाचे काम आहे, तेही कोणी आधी सांगत नाही.

नाईलचा हिशेब वेगळा आहे. जिंजा येथे ती व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते आणि हे सरोवर जवळजवळ ६९,००० चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या पाणसाठ्यावर एखाद्या दिवसाच्या पावसाचा परिणाम दिसत नाही. युगांडात मार्च ते मे पाऊस असतो, रस्ते चिखलाने भरतात, पण नदी एका रात्रीत अंगावर येत नाही. पाणी कोमट, पात्र रुंद आणि खोल, खडक तुलनेने कमी, लाटा मात्र घराएवढ्या उंच. राफ्ट उलटणे ही तेथे नेहमीची गोष्ट आहे आणि खडकावर आपटण्याची भीती कमी असली तरी मोठ्या लाटेखाली काही सेकंद दाबले जाण्याची तयारी ठेवावी लागते. पोहणाऱ्याला ते सेकंद लांबलचक वाटतात. न पोहणाऱ्याला ते संपतच नाहीत.

नाईलबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २५० मेगावॅटचा बुजागाली प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या जलाशयात तेथील प्रसिद्ध रॅपिड बुडाले. पुढे २०१९ मध्ये १८३ मेगावॅटचा इसिम्बा प्रकल्प आला आणि आणखी एक टप्पा गेला. उरलेल्या टप्प्यावर सहली चालतात, परंतु दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे प्रवासवर्णन वाचून कोणी तेथे जाईल तर त्यातली निम्मी नदी त्याला सापडणार नाही. कोस्टा रिकातल्या रेव्हेंतासोन नदीचेही असेच झाले. एके काळी राफ्टिंगसाठी जगभरातून लोक जिच्याकडे येत, तिचे काही उत्तम टप्पे धरणांखाली गेले आहेत. पाक्वारेवरही धरण होणार होते. तेथील काबेकार आदिवासी, नदीवर पोट असलेले गाइड आणि इतर रहिवासी यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि अखेर २०१५ मध्ये अध्यक्षांच्या हुकुमाने पाक्वारे व साव्हेग्रे या नद्यांवर २५ वर्षे जलविद्युत प्रकल्पांना बंदी घालण्यात आली. सांगायचा मुद्दा हा की, माहिती कोणत्या वर्षीची आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

धरण नेहमी राफ्टिंगच्या मुळावरच येते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये टुली नदीवर वीजगृहातून सोडलेल्या पाण्याच्या वेळेनुसार राफ्ट पाण्यात उतरतात. हा प्रदेश त्या खंडातील सर्वांत पावसाळी भागांपैकी आहे. टुली गावात उभारलेल्या अवाढव्य सोनेरी गमबुटाची उंची ७.९ मीटर आहे आणि ती १९५० साली तेथे पडलेल्या ७,९०० मिलिमीटर पावसाची खूण आहे. धरणातून सोडलेले पाणी घड्याळाप्रमाणे येते, त्यामुळे गाइडला आजची नदी कालच्यासारखीच असेल असा भरवसा धरता येतो. अर्थात धरणाच्या खाली मिळणारे ओढे घड्याळ पाहत नाहीत, हे विसरता कामा नये.

पाक्वारे आणि आयुंग या थेट पावसावर जगणाऱ्या नद्या. त्यांच्याविषयी अधिक सविस्तर लिहितो, कारण आपली निवड त्यांच्यापैकीच एक असावी असे मला वाटते, आणि उष्ण कटिबंधातील नदीचा खरा स्वभाव येथेच कळतो.

बर्फ वितळून वाहणाऱ्या नदीचे वेळापत्रक उन्हाप्रमाणे सरकते. तिची चढ-उतार बरीचशी अदमासात येते. पावसाच्या नदीला असा नेम नसतो. पाक्वारे ज्या तालामांका पर्वतरांगेतून उतरते ती रांग ३,००० मीटरच्या वर जाते, तिचे उतार अतिशय तीव्र आहेत आणि कॅरिबियन समुद्राकडून येणारी दमट हवा वर्षभर तिच्यावर आदळत असते. जमीन आधीच पाण्याने भरलेली असली की नव्या पावसाचा थेंबही ती धरून ठेवत नाही. सगळे पाणी तासा-दोन तासांत पात्रात येते. आपण जेथे राफ्टमध्ये बसलो आहोत तेथे ऊन पडलेले असते आणि डोंगरामागे, आपल्या दृष्टीआड, आभाळ फाटलेले असते. उष्ण कटिबंधात पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर जोर धरतो, म्हणून जाणते आयोजक सकाळी लवकर पाण्यात उतरतात आणि दुपार व्हायच्या आत घळीतून बाहेर पडण्याचा प्रयत्न करतात. सकाळी साडेदहाला सावकाश नाश्ता देऊन निघणारी सहल पाहुण्यांना सोयीची वाटते. मला ती सोय आवडत नाही.

पाणी चढत असल्याच्या खुणा प्रवाशालाही ओळखता येतात आणि त्या ओळखाव्यात, कारण एका राफ्टमध्ये गाइडचे दोन डोळे असतात आणि प्रवाशांचे बारा. पहिली खूण रंगाची: हिरवट, स्वच्छ पाणी आधी दुधट आणि मग चहासारखे होते. दुसरी तरंगत्या कचऱ्याची: सुकी पाने, काटक्या, फेसाचे गोळे एकाएकी वाढतात, कारण चढते पाणी काठावर साठलेला पालापाचोळा उचलून आणते, उतरत्या पाण्यात तो दिसत नाही. तिसरी खूण काठाची आहे. थांबण्याच्या जागी पाण्याच्या कडेला एक काडी रोवावी आणि पंधरा मिनिटांनी पाहावे. मातीचा ओला वास आणि तळातले गोटे एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज या खुणा उशिराच्या आहेत. तो आवाज ऐकू आला तर काठावर असलेल्याने काठावरच राहावे.

याबाबत माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका आयोजकाकडे नोकरीला होतो. रात्रभर पाऊस झाला होता, सकाळी नदी तांबडी झाली होती आणि आम्ही ठरवलेल्या खुणेच्या खडकावरून पाणी वाहत होते. नियमाप्रमाणे सहल रद्द व्हायला हवी होती. पण पाहुण्यांचे दुसऱ्या दिवशीचे विमान होते, कार्यालयातून सारखी विचारणा होत होती, आणि मीही मनात म्हटले की पाणी खुणेच्या फक्त वीतभरच वर आहे. पहिल्याच मोठ्या रॅपिडमध्ये एक राफ्ट उलटली. एरवी जेथे माणसे पाण्याबाहेर काढली असती तो डोह त्या दिवशी डोह राहिलाच नव्हता; दोघे जण पुढचे तीन रॅपिड पोहत, म्हणजे खरे तर वाहत, गेले. एकाचा हात मोडला आणि दोघेही वाचले. तेव्हापासून वीतभर या शब्दाचा मी धसका घेतला आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि वीतभर वाढलेल्या पाण्यात वेग किती वाढला आहे हे काठावरून कोणालाही दिसत नाही.

म्हणून आयोजकाला विचारण्याच्या प्रश्नांत मी एकाच प्रश्नाला सर्वाधिक वजन देतो: ‘कोणत्या पातळीला तुम्ही सहल रद्द करता, ती पातळी कशावर मोजता आणि निर्णय कोणाचा असतो?’ चांगला आयोजक या प्रश्नाने सुखावतो. तो एखाद्या पुलाखालच्या पट्टीचे, खडकावरच्या खुणेचे किंवा प्रवाहाच्या आकड्याचे नाव घेतो, पाणी त्यावर गेल्यास कोणत्या सोप्या टप्प्यावर नेतो ते सांगतो आणि अंतिम शब्द नदीवरच्या प्रमुख गाइडचा असतो असे स्पष्ट करतो. ‘काळजी करू नका, आम्ही कधीच रद्द करत नाही’ असे जो अभिमानाने सांगतो त्याच्याकडे जाऊ नये. याच कारणाने सुटीच्या दहा दिवसांत राफ्टिंग शेवटच्या दिवशी ठेवू नये आणि दोन मोकळे दिवस हाताशी ठेवावेत. विमानाची घाई हे राफ्टिंगमधल्या वाईट निर्णयांचे मोठे कारण आहे, हे मी वरच्या प्रसंगातून शिकलो.

बाकीचे प्रश्न लवकर उरकता येतात. राफ्टसोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पाण्यात पडलेल्यांना मदत करणारी एका माणसाची छोटी होडी, असतो का, एकटीच राफ्ट पाण्यात उतरते की किमान दोन असतात, प्रत्येक गाइडकडे फेकण्याची दोरी, म्हणजे थ्रो बॅग, असते का, गाइडला नदीवरील बचावाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आहे का, आणि मोबाइल लागत नाही अशा घळीत उपग्रह फोन असतो का, हे विचारावे. लाइफ जॅकेट घातल्यावर त्याचे खांद्याचे पट्टे कोणाला तरी जोराने वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे. हेल्मेट मागे सरकून कपाळ उघडे पडत असेल तर ते बदलून घ्यावे. पायांत बंद बूट हवेत. चप्पल पहिल्याच लाटेत जाते आणि पुढे अणकुचीदार खडकावर अनवाणी चालावे लागते. विम्याची कागदपत्रे बारकाईने वाचावीत, कारण अनेक विम्यांत ठरावीक ग्रेडच्या वरचे राफ्टिंग वगळलेले असते आणि जंगलातून हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च आपल्या खिशातून करण्याजोगा नसतो.

आता ग्रेडविषयी. रॅपिडची कठीणता १ ते ६ अशा ग्रेडमध्ये सांगितली जाते. ग्रेड २ म्हणजे मोकळ्या वाटेचे, लहान लाटांचे पाणी. ग्रेड ३ मध्ये लाटा अनियमित होतात आणि राफ्ट अचूक वळवावी लागते. ग्रेड ४ मध्ये ताकदीचे पाणी, अरुंद वाटा आणि चुकीला थोडीच जागा. ग्रेड ५ अनुभवी माणसांसाठी, आणि ग्रेड ६ व्यावसायिक सहलींच्या कक्षेबाहेर. झांबेझीच्या नवव्या रॅपिडला गाइड मंडळींनी ‘कमर्शियल सुइसाइड’ असे नाव ठेवले आहे आणि तेथे प्रवाशांना उतरवून काठावरून चालत नेतात, यावरून वरच्या टोकाची कल्पना यावी. हा आकडा ठरावीक पातळीच्या पाण्याचा असतो. पाणी चढले की ग्रेड ३ चा टप्पा ग्रेड ४ होतो, माहितीपत्रकात मात्र ३ च छापलेले राहते. शिवाय ही पट्टी रॅपिड किती कठीण आहे ते सांगते. तेथून रस्ता किती दूर आहे हे सांगत नाही. दवाखान्यापासून तासाभरावर असलेला ग्रेड ३ आणि दोन दिवसांच्या जंगलातला ग्रेड ३ यांना मी एका मापाने मोजत नाही.

उष्ण पाण्यामुळे होणारा एक गैरसमज येथेच दूर करतो. थंड नद्यांवर पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास अडकतो, बोटे काही मिनिटांत आखडतात, म्हणून सगळेच सावध असतात. येथे पाणी अंगाला सुखद लागते, लोक मुद्दाम उड्या मारतात आणि नदी जणू पोहण्याच्या तलावासारखी वाटू लागते. परंतु पाण्याचा जोर तापमानावर अवलंबून नसतो. खडकाच्या फटीत पाऊल अडकले आणि मागून प्रवाहाने दाबले तर गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो. म्हणून वाहत्या पाण्यात उभे राहायचे नाही, पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने, पाण्याच्या वर ठेवायचे, हा नियम कोमट नदीलाही तंतोतंत लागू आहे. पाऊस सुरू झाला, वारा सुटला आणि अंग तीन तास ओले राहिले की विषुववृत्ताजवळही दात वाजू लागतात. पातळ जलरोधक जाकीट सोबत असावे.

उष्ण कटिबंधातील नद्यांचा खरा खास धोका म्हणजे झाडे. तीव्र उतारांवरची माती पावसाने निसटते आणि अख्खे झाड मुळांसकट पात्रात येऊन आडवे होते. कालपर्यंत मोकळी असलेली वाट आज बंद असते. पाणी फांद्यांमधून आरपार जाते, माणूस मात्र गाळणीत अडकल्यासारखा तेथेच राहतो. राफ्टिंगवाले याला स्ट्रेनर म्हणतात आणि खडकापेक्षा त्याला अधिक घाबरतात. पाण्यात असताना असे झाड समोर आले आणि टाळता आले नाही, तर पाठीवर पडून राहण्याचा नियम मोडायचा: पालथे होऊन, डोके पुढे करून जोराने झाडाकडे पोहायचे आणि छातीच्या जोरावर त्यावर चढायचे. पाय पुढे ठेवले तर ते फांद्यांखाली ओढले जातात. गाइडने सुरक्षेच्या सूचना देताना हे सांगितले नाही तर आपण विचारावे.

आता आपल्या पत्नींच्या न पोहण्याविषयी. सोप्या टप्प्यांवर न पोहणाऱ्यांना सर्वत्र घेतले जाते आणि साधारण दहा किलो उचल देणारे चांगले लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, हे खरे आहे. तथापि माझ्या अनुभवात पोहता येणे न येणे याहून महत्त्वाचे असते ते तोंडावर पाणी आल्यावर माणूस काय करतो हे. उत्तम पोहणारे घाबरून दोरी सोडताना मी पाहिले आहेत, आणि कधी पाण्यात न उतरलेली, शांत स्वभावाची माणसे सांगितले तसे पाठीवर पडून वाहत येताना पाहिली आहेत. निघण्याआधी महिनाभर त्यांनी एखाद्या तलावात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, लाइफ जॅकेट घालून पाण्यात पडण्याचा सराव करावा: डोके पाण्याखाली जाणे, वर येणे, श्वास लाटेच्या मागच्या बाजूला घेणे, जॅकेटसकट वीस-पंचवीस मीटर हात मारणे. हे चार-पाच वेळा शांतपणे जमले तर ग्रेड ३ त्यांच्यासाठी आनंदाचा होईल. हे करूनही धडकी भरत असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि त्यांनी ग्रेड २ च्या टप्प्यावरच यावे. मुलीच्या आग्रहाखातर राफ्टमध्ये बसलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचा दिवस वाया जातो आणि राफ्टमधले एक वल्हे कमी होते.

या सगळ्याचा विचार करून, एप्रिलच्या उत्तरार्धासाठी मी पाक्वारे सुचवेन. तिच्या खोऱ्यात पाऊस बाराही महिने असतो, तरी मार्च-एप्रिल हे तुलनेने कोरडे महिने आहेत, पाणी बेताचे असते आणि टप्पे नवख्या माणसाला झेपणारे राहतात. मे उजाडला की पाऊस वाढू लागतो, म्हणून तारखा पुढे ढकलण्यापेक्षा आठवडाभर अलीकडे आणाव्यात. खालचा प्रचलित टप्पा साधारण २८ किलोमीटरचा, ग्रेड ३ आणि ४ चा आहे. तो एका दिवसात संपवता येतो, पण तसे करू नये. दोन किंवा तीन दिवसांची, नदीकाठच्या निवासात मुक्काम असलेली सहल घ्यावी. मधल्या दिवशी जंगलात चालता येते, आणि पाऊस आलाच तर थांबायला एक दिवस मिळतो. दोन्ही बाजूंनी धबधबे कोसळणाऱ्या, वरून हिरवळ झुकलेल्या दोस मोंतान्यास या अरुंद घळीतून शांत पाण्यात तरंगत जाणे हा अनुभव कोणत्याही रॅपिडइतकाच लक्षात राहतो. मात्र आधीचा एक दिवस कोस्टा रिकातल्याच सारापिकी नदीच्या ग्रेड २ ते ३ च्या टप्प्यावर घालवावा. तेथे गाइडचे हुकूम कानाला सरावतात: फॉरवर्ड म्हटले की सगळ्यांनी एका तालात वल्हवायचे, गेट डाउन म्हटले की राफ्टच्या तळाशी बसायचे, हाय साइड म्हटले की प्रश्न न विचारता वर उचललेल्या बाजूवर अंग टाकायचे. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात कधीही सोडायचा नाही, हीदेखील सवय तेथेच लागते; मोकळ्या सुटलेल्या मुठीने शेजाऱ्याचे दात पाडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. त्या दिवशी पत्नींना कसे वाटते ते पाहून पाक्वारेचा निर्णय पक्का करावा.

इतका लांबचा प्रवास नको असेल तर बाली हा चांगला पर्याय आहे. एप्रिलमध्ये तेथील पावसाळा ओसरलेला असतो. आयुंग ग्रेड २ ते ३ ची, दाट झाडीतून जाणारी सौम्य नदी आहे. तिघांनाही ती सहज जमेल, फक्त घळीत उतरण्याच्या आणि परत चढण्याच्या पायऱ्यांसाठी गुडघे धड हवेत. मुलीला अधिक थरार हवा असेल तर तेलागा वाजा ही त्याच बेटावरची, किंचित वेगवान नदी आहे. बोर्निओ बेटावरच्या साबामध्येही अशीच जोडी सापडते: किउलू सौम्य, पादास जोरदार, आणि पादासच्या घळीत रस्ता नसल्याने तेथे चक्क रेल्वेने जावे लागते, जे मला नदीइतकेच आवडते. नाईल मुलीला आणि वडिलांना पुढे कधीतरी जमेल. झांबेझीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची सुटी मिळेल त्या वर्षाची वाट पाहावी.

शेवटचा विषय आजारांचा. तो कंटाळवाणा वाटतो, पण उष्ण कटिबंधातील नदीवर तो खडकांइतकाच खरा आहे. उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मातीत येतात आणि मोठ्या पावसानंतर नदीत उतरतात. खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून किंवा गिळलेल्या पाण्यातून ते शरीरात शिरतात. १९९६ मध्ये कोस्टा रिकात राफ्टिंग करून परतलेल्या एका गटात हा आजार आढळला. २००० साली साबामधील एका साहसी स्पर्धेत ३०४ स्पर्धक होते. नंतर संपर्क झालेल्या १८९ जणांपैकी ८० जणांना या आजाराची लक्षणे दिसली होती आणि सेगामा नदीत पोहणे हे त्यातले ठळक कारण निघाले. गढूळ पाणी टाळण्याचे हे दुसरे कारण. जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात, तोंड मिटून पोहावे, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी दोरीने बांधलेला चष्मा वापरावा. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन घ्यावे का, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. ते घेतले तर त्याने कातडी उन्हाला अधिक हळवी होते, आणि पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या विषुववृत्तीय उन्हात ते काही तासांत जाणवते, म्हणून लांब बाह्यांचा, लवकर सुकणारा सदरा घालावा.

आफ्रिकेतील नद्यांवर पुढे गेलात तर बिलहार्झिया हा परजीवी जंतूंमुळे होणारा आजार लक्षात ठेवावा. त्याचे जंतू गोगलगायींतून संथ पाण्यात येतात, म्हणजे धोका रॅपिडमध्ये कमी आणि जेवणासाठी थांबतो त्या शांत, गवताळ काठाशी जास्त असतो. त्याची तपासणी परतल्याबरोबर करून उपयोग नसतो. शेवटच्या संपर्कानंतर किमान सहा ते आठ आठवड्यांनी ती करतात आणि निदान झाल्यास औषधाने आजार बरा होतो. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होते, तेव्हा ही लस आदल्या आठवड्यावर टाकू नये. मलेरियाची गोळीही निघण्याआधी सुरू करावी लागते.

पाक्वारेहून परतल्यावर महिनाभरात तिघांपैकी कोणालाही थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या विशेष दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर फ्लू समजून घरी थांबू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर लक्षणे सांगण्याच्याही आधी आपण कोणत्या देशात, कोणत्या तारखांना आणि नदीच्या पाण्यात किती वेळ होतो ते सांगावे. त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.